पेलागेया आणि द्वारका

आमच्या घरामागच्या पायवाटेवर ब्लॅकबेरी पिकल्या आहेत. सूनबाई म्हणाली, दुकानातून आणूया ना आई, रस्त्यावरच्या कशाला. तिचं बरोबर आहे. दुकानातल्या बेरी धुतलेल्या, एका मापाच्या, प्लॅस्टिकच्या डबीत शहाण्या मुलांसारख्या बसलेल्या असतात. पायवाटेवरच्यांना काटे असतात, कोळ्यांची जाळी असतात आणि एकाच घोसात हिरवा, गुलाबी, लाल, जांभळा, काळा असे सगळे रंग एकदम असतात. मी तिच्यापुढे मान डोलावली. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर झाकणाचा डबा घेतला, जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात चढवला आणि निघाले.

अमेरिकेतल्या या बेलव्ह्यूला वर्षातले नऊ-दहा महिने आभाळ गळत असतं, पण ऑगस्टमध्ये थेंब नाही. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात श्रावण लागलेला असतो आणि बाहेर गवत वाळून पापडासारखं मोडतं. कुठेतरी डोंगरात जंगल पेटतं, त्याचा धूर खाली उतरतो आणि दोन-चार दिवस सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसतो. अशा कोरड्या श्रावणात या काटेरी जाळ्या रसानं फुटायला येतात, हे मला अजून नवलच वाटतं. यांना इथे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. वाटेच्या तोंडाशी एक पाटी आहे, त्यावर लिहिलंय की ही झाडं मूळची इथली नाहीत, फार पसरतात, दिसली तर उपटा. आणि खाली बारीक अक्षरांत, की यांचा हिमालयाशी काही संबंध नाही, ही आली आर्मेनियाच्या बाजूनं. कोणीतरी कधीतरी चुकीचं नाव दिलं आणि ते चिकटलं.

ती पाटी मला माझ्या रशियन मैत्रिणीनं, रीनानं, वाचून दाखवली होती, दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये. बोट ठेवून, एकेक शब्द, आणि शेवटी काठी आपटून म्हणाली, बघ, तुमची नाही, आमच्या बाजूची आहे. मग जरा विचार करून म्हणाली, खरं तर आमचीही नाही. बिचारी.

रीना या मार्चमध्ये गेली. ऐंशीच्या बरीच पुढे होती, तेव्हा अकाली म्हणता येत नाही. पण बेरी पिकल्या आणि मी जाळीपाशी एकटी उभी राहिले तेव्हा हा वयाचा हिशेब काही कामाला आला नाही. मला ती हवी होती. या अख्ख्या देशात मला माझ्या नावानं हाक मारणारी ती एकटीच होती.

आमची ओळख लायब्ररीतली. तिथे मंगळवारी सकाळी इंग्रजी बोलायचा वर्ग भरतो. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, अशा घरांतली सगळी शिल्लक माणसं तिथे गोळा होतात. दोन तेलुगू आजोबा, एक चिनी जोडपं, एक इराणी बाई जी नेहमी काहीतरी खायला आणायची, मी आणि रीना. शिकवणारी केटी नावाची पोरगी होती, आमच्या नातींपेक्षा थोडीच मोठी. तिनं एकदा सांगितलं, पुढच्या वेळी प्रत्येकानं आपलं नाव कुठून आलं आणि त्याचा अर्थ काय ते सांगायचं. लहान मुलांना देतात तसला अभ्यास. पण मी आठवडाभर त्यावर विचार केला, खोटं का बोलू.

माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, माय नेम इज स्मिता, इट मीन्स स्माइल. केटी म्हणाली, अँड यू आर स्मायलिंग. सगळे हसले. मग रीना उठली. तिचं पूर्ण नाव ऑक्त्याब्रिना. तिनं सांगितलं, अर्थ ऑक्टोबर. चिनी आजोबांनी विचारलं, बर्थडे? ती म्हणाली, बर्थडे ऑल्सो, रेव्होल्यूशन ऑल्सो. तिचे वडील कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. त्या काळी तिकडे मुलींना ऑक्टोबरच्या क्रांतीचं नाव द्यायची चाल पडली होती. तिच्या वर्गात एक इस्क्रा होती, म्हणजे ठिणगी. एका मुलीचं नाव तर विजेवरून ठेवलं होतं, कारण ती जन्मली त्या वर्षी गावात दिवे आले. हे सगळं तिनं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं आणि वर्ग खूश झाला.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. उंच, हाडापेराची बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मी मनातल्या मनात तिला रीनाताई म्हणत असे. ती म्हणाली, "स्माइल तुझं कागदावरचं नाव आहे. तू ते औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं सांगितलंस. आई काय म्हणायची?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, सांगण्याआधी तू थांबलीस. मीही थांबते.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. नागपूरकडे एका नगरपालिकेत मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर तीस वर्षं बसले. लोक कशात आयुष्य घालवतात, मी इतरांची नावं लिहिण्यात घातलं. सुरुवातीला सुनीता, अनिता, संगीता यांची रांग होती. मग पूजा आणि नेहा आल्या. निवृत्त होईपर्यंत अन्वी, आर्वी, विहा अशी दोन घासांत संपणारी नावं आली होती. मधल्या काळात एखादी म्हातारी आपल्या नातीचा दाखला न्यायला यायची आणि अर्जावर स्वतःचं नाव सांगायची, काशी, मथुरा, गया. ते लिहिताना माझा पेन जरा हळू चालायचा. शेजारच्या टेबलावरचे साहेब गमतीनं म्हणायचे, स्मिताताई, म्हाताऱ्यांची नावं लिहिताना तुमचं अक्षर फार सुंदर येतं. मी हसायचे. नावच तसं होतं माझं.

तर रीनानं विचारलं त्या दिवशी मी चहाचा कप ठेवायच्या निमित्तानं उठले. पण वर्गानंतर ती बसस्टॉपकडे न वळता माझ्याबरोबर या पायवाटेनं चालायला लागली. बेरी नुकत्या काळ्या होत होत्या. तिनं पिशवीतून एक रिकामी बरणी काढली, जणू तयारीनंच आली होती, आणि काठीच्या मुठीनं एक उंच फांदी माझ्यासाठी खाली ओढून धरली. मी दोन-तीन बेरी तोडल्या, हाताला ओरखडा आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "द्वारका."

किती वर्षांनी तो शब्द मी माझ्याबद्दल म्हणून उच्चारला होता. माझाच आवाज मला परका वाटला.

आमच्या आजोबांना तीर्थयात्रा करायच्या होत्या आणि शेती सुटत नव्हती. म्हणून त्यांनी आम्हा तिघी बहिणींना नावं दिली: काशी, मथुरा, द्वारका. म्हणायचे, मला कुठे जायची गरज नाही, संध्याकाळी ओसरीवर बसलो की यात्रा घडते. आई मला द्वारके म्हणायची, रागावली की द्वारकी. शाळेच्या पटावर द्वारका महादेव अमुक. बाविसाव्या वर्षी लग्न झालं. सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि यांनी हातातल्या सोन्याच्या अंगठीनं त्यावर लिहिलं, स्मिता. आत्यासासूबाईंनी वाकून वाचलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. म्हणाल्या, द्वारका म्हणजे फारच जुनाट हो. हे वाईट नव्हते. आदल्या दिवशी कोणाकरवी विचारलंसुद्धा होतं, चालेल ना म्हणून. मी हो म्हटलं होतं. नवं नाव म्हणजे नवी साडी, असंच वाटलं तेव्हा. संध्याकाळी पाहिलं तर ताट रिकामं होतं. ते तांदूळ कोणीतरी डब्यात परत ओतले होते. पुढे केव्हातरी त्यांचा भात झाला असेल आणि मीही तो खाल्ला असेन.

गंमत म्हणजे यांनी आपण दिलेलं नावही कधी वापरलं नाही. अडतीस वर्षं "अगं" वर भागलं. श्रावणात मंगळागौरीला बायका मला आग्रह करायच्या आणि मी उखाण्यात यांचं नाव झोकात घ्यायचे. माझं नाव घ्यायला कोणाला उखाणा लागत नव्हता, कारण कोणाला ते घ्यायचंच नव्हतं. हे मी आज तक्रार म्हणून लिहीत नाही. तेव्हा ही तक्रार मला सुचलीसुद्धा नव्हती. ती सुचायला सहा वर्षांचं वैधव्य आणि हा कोरडा श्रावण लागला.

रीनानं सगळं ऐकून घेतलं. तांदळाचं तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं विचारलं, मधलं नाव कुठे गेलं, बापाचं? मी सांगितलं, लग्नात तेही जातं. महादेव जाऊन तिथे वसंत आला. आडनावही गेलं. एका दिवसात तिन्ही. ती थांबलीच. त्यांच्याकडे बाई चार लग्नं करो, बापाचं नाव मरेपर्यंत तिच्यापासून हलत नाही. ती ऑक्त्याब्रिना स्तेपानोव्ना म्हणून जन्मली आणि तशीच जाणार. पहिलं नावही कोणी बदलत नाही. "तिन्ही?" तिनं पुन्हा विचारलं आणि तीन बोटं वर केली. मग एकेक करून मिटली. मला एकदम रडू आलं. इतक्या वर्षांत मी त्या दृष्टीनं कधी मोजलंच नव्हतं.

फांदी सोडून देऊन ती म्हणाली, तू सांगितलंस, आता मी सांगते. ऑक्टोबर हे बापाचं नाव. ती जन्मली तेव्हा बाप दौऱ्यावर होता. तिची आजी उस्तिन्या, या नावाचा अर्थ न्यायी, हिनं पिठाच्या पेटीत एक फाटकं चर्चचं पंचांग लपवून ठेवलेलं होतं. त्यांच्याकडे रोज कोणत्या ना कोणत्या संताचा दिवस असतो आणि बाळाला त्यावरून नाव मिळतं. आपण जन्माक्षर काढतो त्यातलाच प्रकार. आजीनं पान पाहिलं, संत पेलागेयाचा दिवस जवळ होता. कपडे धुवायच्या टपात कोमट पाणी घेऊन, खिडक्या बंद करून, एका लपत राहणाऱ्या म्हाताऱ्या पाद्र्याकडून तिनं बाळाचा बाप्तिस्मा करवून घेतला. चार दिवसांनी बाप आला आणि कचेरीत ऑक्त्याब्रिना लिहून आला. आजी एकांतात तिला पेलागेया म्हणायची. आजी गेल्यावर कोणीच म्हटलं नाही. पुढे ती भूगोलाची मास्तरीण झाली. तसलं नाव कळलं असतं तर नोकरी गेली असती. नवऱ्याला सांगितलं नाही, पोटच्या लेकीलाही नाही. इथे येऊन तीस वर्षं झाली, आता कोण विचारतंय, तरी नाही. रविवारी बसनं चर्चला जाते, मागे उभी राहते, मेणबत्ती लावते आणि पाद्री जवळ येण्याआधी परत फिरते. मी विचारलं, का गं. ती म्हणाली, सवय.

पेलागेया म्हणजे समुद्राची. मूळ ग्रीक नाव. व्होल्गेकाठच्या खेड्यातल्या त्या मुलीनं चाळिशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. शाळेत नकाशावर दाखवायची, हा निळा म्हणजे समुद्र, आणि मनात म्हणायची, ही मी.

मग तिनं द्वारकेचा अर्थ विचारला. मी सांगितलं, पुष्कळ दारांचं गाव, कृष्णाचं. आता कुठे आहे ते गाव? मी म्हटलं, कृष्ण गेला आणि ते समुद्रात बुडालं. तिचा चेहरा आधी काही समजलं नाही असा झाला आणि मग ती हसायला लागली. इतकी हसली की काठी मला धरावी लागली. छातीवर हात ठेवून म्हणाली, म्हणजे तू हरवली नाहीस, माझ्याकडेच आहेस, खाली. शेजारून सायकलवर जाणाऱ्या एका तरुणानं आम्हा दोघींकडे पाहून घंटी वाजवली. आम्ही दोघी जांभळ्या हातांनी, डोळे पुसत, वाट अडवून उभ्या होतो.

तो सगळा ऑगस्ट आम्ही बेरी तोडल्या आणि नावं काढली. मंगळवार, गुरुवार, कधी शनिवारीसुद्धा. तिला तिच्या खेड्यातल्या साऱ्या बायका आठवायला लागल्या, कारण त्यांची नावं आता कोणी ठेवत नाही. थोरली आत्या लुकेर्या, म्हणजे गोड. तिच्या जिभेला गाव घाबरायचं. दुसरी प्रस्कोव्या, म्हणजे शुक्रवार, सणाची तयारी करायचा दिवस. ती मरेपर्यंत तयारीच करत राहिली, सण काही तिच्या वाट्याला आला नाही. ग्लाफिरा म्हणजे नाजूक, घासूनपुसून लखलखीत केलेली. ही गोठ्यात राबायची. येफ्रोसिन्या म्हणजे आनंद. फ्योक्ला म्हणजे देवाचं वैभव, पण पुढे शहरात लोक खेडवळ बाईला चिडवायला ते नाव वापरू लागले. मी म्हटलं, आमच्या द्वारकेचं, ठकूचं तेच झालं. नावाला काय होतं, नाव घेणाऱ्याचं तोंड वाकडं होतं.

एकदा तिनं नेझ्दाना सांगितलं. हे चर्चच्याही आधीचं, फार जुनं. अर्थ, जिची वाट पाहिली नव्हती ती. मी म्हटलं, आमच्याकडे नकोशी असतात. माझ्या रजिस्टरात मी स्वतः लिहिल्यात, बाप समोर उभा आणि पोरीचं नाव नकोशी. ती नाही नाही म्हणाली. नको होती असं नाही, अचानक आली असं. आणि पुष्कळदा तर ते दुष्ट शक्तीला फसवायला. नावच असं ठेवायचं की तिला वाटावं, या घरात या पोरीचं कोणाला काही नाही, जाऊ दे, पुढच्या घरी जावं. तेव्हा मला आमचे धोंडू, दगडू, केरू आठवले. आधीची दोन गेलेली, म्हणून तिसऱ्याला केराच्या टोपलीत ठेवून काढलेला तो केरू. मी म्हटलं, हे मात्र आपलं सारखंच आहे. ती म्हणाली, भीती सगळीकडे सारखी असते. आणि एक बेरी माझ्या तोंडात घातली. मी तोंड वाकडं केलं. आंबट होती.

तिच्याकडे एक छोटी वही होती, पत्त्यांच्या डायरीएवढी. एकदा पिशवीतून बेरींच्या बरणीबरोबर ती बाहेर आली. डाव्या पानावर जिवंत माणसांची नावं, उजव्या पानावर गेलेल्यांची. रोज सकाळी देवापुढे दोन्ही पानं मोठ्यानं वाचायची, जिवंतांचं भलं होवो, गेलेल्यांना शांती मिळो. त्यातही नियम असतो. बाप्तिस्म्याचं नाव असेल तेच लिहायचं. मी विचारलं, मग तुझ्यासाठी कोणी वाचायचं झालं तर काय वाचणार, ऑक्टोबर तर त्यांच्या पंचांगात नाही. तिनं खांदे उडवले आणि वही ठेवून दिली.

त्या उन्हाळ्यात घरी मी फार हसते असं मायानं माझ्या मुलाला सांगितलं. माया माझी नात, दहा वर्षांची. तिचं नाव ठेवताना निखिल आणि सूनबाईंनी महिनाभर याद्या केल्या होत्या. इकडे चाललं पाहिजे, तिकडेही चाललं पाहिजे. परदेशी जाताना आपण पिन बदलायचा प्लग घेतो ना, तसं नाव शोधलं. रीनाला कळलं तेव्हा ती म्हणाली, माया तर आमचंही आहे. म्हणजे ते पोरीला तीन देशांत चालेल. निखिलला ऑफिसात निक म्हणतात. मी एकदा म्हटलं, अरे, निखिल म्हणजे संपूर्ण, त्याचा तुकडा कशाला पाडलास. तो म्हणाला, "ईझी पडतं यार आई, मीटिंगमध्ये कोण स्पेल करत बसणार." त्याला नाव सोडणं इतकं सोपं गेलं याचं मला वाईट वाटलं, आणि मग आठवलं की हे त्यानं माझ्याकडूनच घेतलं असेल.

या घरात माझ्यावर सगळ्यांची माया आहे. आई, आजी, मॉम, काकू, अशा चार-पाच हाका दिवसभर येतात आणि मी प्रत्येकीला ओ देते. औषधाच्या दुकानात मिस स्मीडा म्हणतात, त्यालाही देते. पण संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळे आपापल्या पडद्यांकडे वळले की मला वाटतं, या हाका त्या त्या कामाच्या आहेत. आई हे काम आहे, आजी हे काम आहे. ते करणारी जी कोणी आहे, तिला मंगळवारी आणि गुरुवारी एक रशियन म्हातारी फांदी ओढून धरत हाक मारायची, "द्वार्का, कम, हिअर ब्लॅक वन्स."

मागच्या नोव्हेंबरात मी नागपूरला गेले. घर विकायचं चाललं होतं, चार महिने राहिले. तिथे तरी कोणी द्वारका म्हणेल असं मनात होतं. काशी गेली, मथुरेला आता माणसं ओळखू येत नाहीत. तिनं माझा हात धरून मला आई म्हटलं. तिथून मी रीनाला एकदाही फोन केला नाही. हे मला लिहिताना जड जातंय. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हातांनी व्हायचं, आणि फोनवर हात दिसत नाहीत. व्हिडिओ तिला जमत नव्हता. मार्चमध्ये परत आले, तर सर्दी झाली, झोपेचं तंत्र बिघडलं. म्हटलं, पुढच्या मंगळवारी वर्गातच भेटू. थोडी बरी होऊन, केस रंगवून, नागपूरची सोनपापडी घेऊन.

सोमवारी दुपारी फोन आला. मी एकटीच घरी होते. ती वेरा होती, रीनाची लेक. मी तिला एकदाच पाहिलं होतं. आई शनिवारी गेली, झोपेतच, असं तिनं सांगितलं, आणि मी काहीतरी बोलायच्या आत म्हणाली, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, मला दुसरं कोणी सुचत नाही. चर्चमध्ये पाद्री विचारतायत, बाप्तिस्म्याचं नाव काय. ऑक्त्याब्रिना या नावानं प्रार्थना वाचता येत नाही. तिला माहीत नाही, तिच्या मामालाही नाही. आणि दुसरं, आईच्या वहीत जिवंतांच्या पानावर सगळी नावं ओळखीची आहेत, एक सोडून. त्या बाईला कळवायला हवं. आईच्या फोनमध्ये ते नाव नाही. वेरानं ते अडखळत वाचलं. "डू यू नो हू इज द्वार्का?"

मी भिंतीला टेकून उभी होते. ओट्यावर दुधाखालचा गॅस चालू होता, तो बंद केला. मनात आलं, रीनानं ऐंशी वर्षं लपवलेलं मी कोण सांगणार. आणि लगेच आलं, मी नाही सांगितलं तर तिला कोणत्या नावानं हाक मारतील. मी म्हटलं, "तुझ्या आईचं नाव पेलागेया." वेरानं ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज फुटला. बराच वेळ ती रडत होती आणि मी फोन धरून होते. मग तिनं पुन्हा विचारलं, आणि ती दुसरी?

"द्वारका मी," मी म्हटलं.

वेराला माझं नाव स्मिता माहीत होतं. मग म्हणाली, पण त्या पानावर फक्त चर्चची माणसं लिहितात, आई नियमाची फार पक्की होती. आणि मग, ती ते रोज सकाळी वाचायची, मला बाहेर ऐकू यायचं, मला वाटायचं एखादी संत असेल. शेवटी तिनं विचारलं, मी पण वाचत राहू का, नीट कसं म्हणायचं ते एकदा सांगाल? मी सांगितलं. तिनं म्हटलं, चुकलं, मी पुन्हा सांगितलं. त्या रिकाम्या घरात मी माझं नाव पाच-सहा वेळा मोठ्यानं म्हटलं. फोन ठेवल्यावर ऐकलं, तर फक्त फ्रीजचा आवाज होता.

तर त्या दुपारी, इतक्या दिवसांनी, त्याच जाळीपाशी उभी राहून मी डबा भरला. फांदी ओढून धरायला कोणी नाही, त्यामुळे वरच्या चांगल्या बेरी पक्ष्यांना राहिल्या. तिच्यासारखा जॅम करायचा प्रयत्न केला. साखर जरा जास्त झाली आणि तो मुरंब्याच्या वाटेनं गेला. दोन बरण्या भरल्या. रीना ज्याच्यासाठी बरणी असेल त्याचं नाव तिच्यावर चिकटवायची. मीही मायाच्या वहीतलं कोरं लेबल घेऊन एका बरणीवर लिहिलं, पेलागेया. ती वेराकडे जाईल. दुसरीवर लिहिलं, द्वारका. म्हाताऱ्यांची नावं लिहिताना यायचं तसं अक्षर सुंदर आलं. ती बरणी जेवणाच्या टेबलावर, मधोमध ठेवली आणि झोपायला गेले.

सकाळी निखिल ऑफिसला निघण्याआधी टोस्ट खात होता. बरणी त्यानं उघडली, चमचा घातला, एक घास खाल्ला आणि मान हलवली. मग बरणी फिरवून, लहानपणी वाचायचा तसं अक्षराला अक्षर जोडत त्यानं लेबल वाचलं.

"द्वा-र-का," तो म्हणाला. "मस्त आहे आई. हा कुठला ब्रँड, इंडियन स्टोअरचा?"

"नाही रे, घरचीच आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले.